वाल उचलायला लागतो तेवढा दम

शुक्रवारी संध्याकाळी मी नि माझी बायको रजीन ओट्यावर वाल सोलत बसलो होतो, तेच आमचं एकत्र केलेलं शेवटचं काम. तुमी विचारलंत ना गुरुजी, या पोरांना गायला कुणी शिकवलं, तर मला तिथनंच सुरू करावं लागेल, कारण जे काय शिकवणं होतं ते या वालांतनं झालं, शाळा नाय, पुस्तक नाय, हार्मोनियम नाय. कडवे वाल, आपले इथलेच, रात्री भिजवायचे, सकाळी निथळून फडक्यात बांधायचे, मोड आले की कोमट पाण्यात टाकायचे, मंग एकेक उचलायचा आणि चिमटीत दाबायचा की साल बोटांत राहते नि डाळिंबी टुपकन परातीत पडते. रजीनच्या हातनं अख्खी पडायची, माझ्या हातनं फाका होऊन. ती बोलली, तुमचा अंगठा हाय का मोगरी. मी बोललो, या अंगठ्याने चाकं केली म्हणून तू वाल खातेस. ती बोलली, चाकं करा, वाल सोडा. पण मी उठलो नाय आणि तिनेही उठवलं नाय, असं आमचं पंचवीस वर्षं चाललेलं.

लोक सांगतात शेवटचे शब्द, कुणी देवाचं नाव घेतलं, कुणी पोरांना आशीर्वाद दिला. आमचे शेवटचे शब्द वालाचे. जेवणं झाल्यावर तिने रविवारच्या पोरांसाठी दुसरे वाल भिजत टाकले, मोठं पातेलं भरून, आणि बोलली, त्यावर झाकण ठेवा, मांजर तोंड घालील. मी झाकण ठेवलं. वर पाटा ठेवला. झालं, एवढंच.

मी मूळचा करंजाचा. माझा बाप होड्या दुरुस्त करायचा, किनाऱ्यावर होडी उलटी घालून फळ्यांच्या फटींत कापूस आणि राळ भरायची, ते काम. आमी ख्रिस्ती, पण आजूबाजूला सगळे कोळी नि आगरी, बोलणं एक, जेवण एक, फक्त रविवारी ते जाळी विणायचे नि आमी देवळात जायचो. देऊळच बोलायचो आमी, चर्च हा शब्द नंतरचा. शाळेत मी दोन वर्षं गेलो, सही येते, बाकी विचारू नका. बापाच्या हाताखाली रंधा नि वाकस शिकलो, पण समुद्र मला लागायचा, होडीत बसलो की ओकायचो, आता होडीवाल्याच्या पोराला समुद्र लागतो म्हणजे गावात किती हसत असतील बघा. म्हणून बापाने पनवेलला धाडला. पनवेलच्या बैलगाड्या तेव्हा घाटावर जायच्या, पनवेलचं चाक म्हंजे चाक, मधे बाभळीचा तुंबा, त्यात बाभळीचे आरे, वर तापवलेली लोखंडी धाव चढवायची. मी एका मिस्त्रीकडे लागलो आणि तिथंच म्हातारा झालो.

रजीन उरणची. तिचा बाप देवळात गाणाऱ्यांचा म्होरक्या, लॅटिनमधे गायचा, अर्थ त्यालाही यायचा का नाय देव जाणे, पण आवाज असा की खाली बसलेल्यांच्या पाठी ताठ व्हायच्या. वर माडीवर बाप्येच गायचे तेव्हा, पोरींना वर सोडत नसत. ही खाली आयच्या मांडीला टेकून बसायची आणि सगळं कानांनी उचलायची. लिहिता तिलाही फार येत नव्हतं. लढाईच्या वर्षांत आमचं लगीन झालं, रेशनचा तांदूळ, त्यात खडे, लग्नाच्या जेवणात मामाचा दात पडला, तो मरेपर्यंत मला बोल लावायचा, जसा मी खडा पेरला होता.

पनवेलला तेव्हा आमची दहा-बारा घरं असतील. देऊळ नव्हतंच. महिन्यातनं एका रविवारी फादर यायचे, एका व्यापाऱ्याच्या वखारीत लाकडांच्या थप्प्या बाजूला सारून टेबल मांडायचं, त्यावर पांढरी चादर, दोन मेणबत्त्या, तिथं मिस्सा, म्हंजे आमची रविवारची प्रार्थना. गाणं नाय काय नाय. फादर लॅटिनमधे पुटपुटणार, आमी गुडघे टेकणार, पोरं लाकडाची साल सोलत बसणार. पहिल्याच मिस्सानंतर रजीन वाटेत मला बोलली, ही काय मिस्सा, मुक्याचं लगीन असल्यावाणी. मंग पुढं काही वर्षांनी आमी लोकांनी मिळून लहान देऊळ उभं केलं, कौलारू, चार खिडक्या. बाकं मी केली, वेदी मी केली, दार मी केलं. दार सागाचं, चांगलं जाड, पण एक सांगतो, पावसाळ्यात ते फुगतं. कितीदा रंधलं तरी फुगतंच. खांदा लावल्याशिवाय उघडत नाय. ते तेवढं लक्षात ठेवा.

तर लेंतातली गोष्ट. ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस उपासाचे, त्याला आमी लेंत म्हणतो, मटण बंद, लगीन बंद, आणि वाल तेव्हाच नवे आलेले असतात, म्हणून घरोघर बिरडं. आमची पोरगी टेकला तेव्हा लहान, ती नि शेजारची पोरं ओट्यावर धिंगाणा घालायची, रजीनने वैतागून एकेकाच्या पुढ्यात वाटी दिली आणि वाल ओतले, सोला. हात गुंतले तशी तोंडं सुटली, बडबड सुरू. मंग तिने लादीन धरली. लादीन म्हंजे मरियामायची एकेक नावं घ्यायची, एकाने नाव घ्यायचं नि बाकीच्यांनी जबाब द्यायचा, आमच्यासाठी विनंती कर, तेव्हा लॅटिनमधे, ओरा प्रो नोबिस. तिने नेम असा लावला, मी नाव घेतलं की तुमी पाण्यात हात घालायचा, वाल उचलायचा, आणि जबाब गाता गाता दाबायचा. एक नाव, एक वाल. जो आधी दाबील तो चोर, जो मागाहून दाबील तो आळशी. पोरांना खेळ वाटला. चार दिवसांत सगळी एका सुरात आली, काय सांगू तुमाला, मी चाकांच्या कारखान्यातनं येताना गल्लीच्या तोंडाशी ऐकायचो, आधी तिचा आवाज, मंग मधे एवढासा दम, वाल उचलायला लागतो तेवढा, आणि मंग सगळ्या पोरांचा जबाब. तो दम मला लई आवडायचा. का ते सांगता यायचं नाय. जसा गाडीचा बैल चढणीवर पाय टाकायच्या आधी थांबतो.

शिकवणं म्हंजे नुसतं गाणं नाय. मिस्सात काय चाललंय ते ती पोरांना घरातलंच काय तरी दाखवून सांगायची. फादर लेंतात जांभळं का घालतात, तर घरात कुणी आजारी असलं की आपण नवं लुगडं नेसतो का, नाय ना, मंग देवाच्या घरात दुखणं हाय तोवर जांभळं, ईस्टरला बरं वाटलं की पांढरं. मूर्तींवर कपडा का टाकतात, तर डोळे आले की आपण उजेड नको म्हणतो, तशी या दिवसांत डोळ्यांना सुटी, कान उघडे ठेवा. झुजे म्हणून एक वांड पोरगा होता, त्याने विचारलं, रजीनबय, देवाला लॅटिन येतं का. ती बोलली, तुझी बारकी बहीण पाळण्यातनं काय बोलते ते तुझ्या आयला कळतं ना, मंग. झुजे बोलला, नाय कळत, आय तिला उगाच दूध पाजते. सगळी हसली, तीही हसली, आणि मंग बोलली, दूध मिळतं ना पण, झालं.

त्या नावांत एक नाव येतं, स्वर्गाचं दार. पोरांनी विचारलं, स्वर्गाला दार कसलं असतं. रजीन बोलली, आपल्या देवळाचं हाय ना पास्कूबाने केलेलं, तसलंच. पावसाळ्यात फुगतं. नुसतं ढकलून उघडत नाय, खांदा लावावा लागतो, आणि एकट्याच्या खांद्याने नाय भागत. माझ्या देखत सांगितलं, मी चिडलो, बोललो, माझं काम तू देवाच्या दारात नेऊन बदनाम करतेस. ती बोलली, बदनाम कुठं, स्वर्गाला लावलं ना तुमचं दार.

गुड फ्रायडेच्या आदल्या दिवसापासनं ईस्टरपर्यंत देवळात घंटा वाजवायची नाय असा रिवाज, घंटेच्या जागी लाकडाचा खडखडा वाजवतात. तो मी करून दिला, बाभळीच्या मोडक्या आऱ्याचा, मधे पट्टी, फिरवला की खाडखाड. तो वाजवायला पोरांच्या मारामाऱ्या. रजीनने नेम केला, जो सगळे जबाब न चुकता देईल त्याला खडखडा. म्हंजे गाण्याचं बक्षीस आवाज. पण त्यामुळं झुजेसारखी पोरंही गुडघ्यावर नीट बसायला लागली, कधी उठायचं, कधी वाकायचं, कधी गप्प राहायचं. गप्प राहणं शिकवायला तिला लई वेळ लागला. ती बोलायची, गाणं काय कोणीपण गाईल, मिस्सात गप्प कधी राहायचं ते ज्याला कळलं त्याला मिस्सा कळली.

आमच्या ओट्यावर नुसती ख्रिस्ती पोरं यायची असं नाय. शेजारची जनाबाय, आगरीण, तिची यमुना रोज यायची, आवाज सगळ्यांत गोड तिचाच. एकदा जनाबाय कमरेवर हात ठेवून आली, बोलली, रजीन, माझी पोरगी घरी वाल सोलताना काय मंत्र म्हणते ग, सासू विचारते भूत लागलं का. रजीन बोलली, वाल किती सोलून होतात ते सांग आधी. जनाबाय बोलली, वाल होतात, दुप्पट होतात. रजीन बोलली, मंग म्हणू दे की, सासूलाही बसव. आणि खरंच सांगतो, पुढं ती सासू सोलताना यमुनेला बोलायची, म्हण ग ते तुझं, हात चालत नाय.

आधीचे फादर म्हातारे होते, परदेशी, मराठी मोडकं पण माणूस मायाळू. पोरं पहिल्यांदा देवळात लादीन गायली तेव्हा त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, पास्कू, ही सगळी मुलं गाताना बोटं अशी का करतात. मी बघितलं, तर हात जोडलेले हायत पण प्रत्येकाचा अंगठा नि बोट चिमटीत दाबताहेत, दर जबाबाला, सगळ्यांची एकदम. मी सांगितलं वालांचं. फादर एवढे हसले की चष्मा काढून पुसला. आणि त्या दमाला त्यांनी कधी हात लावला नाय. रजीन नाव घ्यायची, पोरं हवेतला वाल उचलायची, मंग जबाब. देवळाची तीच चाल पडून गेली.

मंग मागच्या काही वर्षांत रोमहून हुकूम आला, मिस्सा आता मराठीत. वेदी भिंतीपासून ओढून पुढं घेतली, ती मीच ओढली, आणि फादर आमच्याकडे तोंड करून उभे राहायला लागले. म्हाताऱ्या बायांनी डोळ्याला पदर लावला, लॅटिन गेलं, लॅटिन गेलं. मला वाटलं रजीन तर आजारीच पडणार. तिचा बाप ज्यात गायला ते सगळं गेलं ना. दोन दिवस तिने ओट्यावर वाल मांडले नाय, ते खरं. तिसऱ्या दिवशी पोरांना बसवलं आणि नवा जबाब घातला, आमच्यासाठी विनंती कर. तर झालं काय, जबाब लांब झाला, एक वाल दाबून झाला तरी गाणं उरायचं, पोरं रिकाम्या बोटांनी बघत बसायची. झुजे बोलला, बय, मराठीत दोन वाल बसतात. रजीन बोलली, दोन तर दोन, बिरडं लवकर होईल. मला नंतर बोलली, इतकी वर्षं फादरची पाठ बघितली, आता तोंड बघू, आपल्या आयच्या भाषेत आपल्याच आयला हाक मारायला मिळते, रडायचं काय त्यात. पण चुलीपाशी एकटी असली की जुनीच लादीन गुणगुणायची, हळू. ते मला ऐकू यायचं.

म्हातारे फादर गेले, नवे आले. तरणे, मुंबईत शिकलेले, हार्मोनियम वाजवणारे. माणूस वाईट नाय, हे आधी लिवा. त्यांना सगळं नीट पाहिजे होतं, एवढंच. पहिल्याच रविवारी त्यांनी विचारलं, रजीनबाई, नाव आणि जबाब यांच्या मधे मुलं थांबतात ते कशाला. रजीन बोलली, वाल उचलायला, फादर. त्यांना वाटलं म्हातारी चेष्टा करते. त्यांनी हार्मोनियम घेऊन पोरांना सरळ गायला बसवलं, नाव, जबाब, नाव, जबाब, मधे खंड नाय. पोरांना येईना. अर्धी पुढं, अर्धी मागं, बोटं वाटीत हुडकतात नि वाटीच नाय. दोन-तीन वेळा करून बघितलं, मंग फादर बोलले, राहू दे. आणि ईस्टरच्या आधीच्या महिन्यात सांगितलं, ईस्टरला मुंबईहून गाणारी मंडळी येतील, ती मिस्सा गातील, मुलांनी पुढं बसावं आणि नीट ऐकावं, ऐकूनच शिकतील.

रजीन फक्त बोलली, बरं फादर. घरी आली नि भांडी काढून बसली. तिचं असं होतं, चिडली की भांडी घासायची, घासलेली पुन्हा घासायची. मी बोललो, फादर शिकलेले हायत, त्यांना कळत असेल. ती बोलली, कळू दे ना त्यांना, मी कुठं नाय म्हणते, पण माझी पोरं बापाच्या घरच्या लग्नात बघ्यासारखी बसायची का. बस, एवढंच. पण तेव्हापासनं तिने रविवारचे वाल दुप्पट भिजवायला घेतले.

आणि त्या शुक्रवारी वाल सोलता सोलता मला बोलली, ईस्टरला माझी पोरं गाणार, तुमी बघा. मी बोललो, फादर नाय बोललेत. ती बोलली, फादरला वाल सोलायला बसवते. मी हसलो, आणि एक वाल फुटला, आणि मंग ते मोगरीचं बोलणं झालं.

शनिवारी पहाटे मला जाग आली ती चूल पेटल्याचा वास नाय म्हणून. तीच आधी उठायची नेहमी. बाजूला बघितलं तर झोपलेली, हात गालाखाली. हाक मारली. हात लावला. थंड होती. डॉक्टर आले, बोलले हृदय. असेल. मी काय त्यात जास्त सांगणार नाय.

शेजार जमला. कुणी उरणला टेकलाच्या सासरी माणूस धाडला, दुपारपर्यंत टेकला आली, नवरा आला. फादर तसेही रविवारच्या मिस्सासाठी येणारच होते, ते एसटीने उतरले ते सरळ घरीच आले. तिची पेटी मी केली. लोक बोलले, तुमी बसा, आमी करतो, मी बोललो, माझ्या हाताखाली तुमी करा. देवळाच्या बाकांतला साग उरलेला होता, तो लावला. मंग हात धुवायला मागच्या दारी गेलो तर ते पातेलं दिसलं, त्यावर झाकण, त्यावर पाटा. वाल फुगून झाकणाला लागले होते. आता ते पाण्यातच राहिले तर आंबणार. मी निथळले, तिचं वालाचं फडकं शोधलं, बांधून खुंटीला टांगले. टेकला दारात उभी राहून बघत होती, बोलली, बा, आय घरात तशी हाय आणि तू हे काय करतोस. मी बोललो, वाल खराब होतील. ती रडायला लागली, तिला वाटलं माझं डोकं फिरलं. जनाबायने तिला आत नेलं, बोलली, करू दे त्याला, तिचेच वाल हायत.

आमच्यात रिवाज असा, पेटी घरातनं उचलली की कबरस्तानापर्यंत लादीन म्हणत जायचं. पोरं सगळी आली होती, केस विंचरून, मोठी झालेलीही आली, झुजे आता एसटीच्या डेपोत कामाला हाय तो रजा टाकून आला, यमुना सासरहून आली कडेवर पोर घेऊन. पेटी उचलली. फादरनी नाव घेतलं, चांगल्या आवाजात, आणि लगेच दुसरं. पोरांनी जबाब द्यायला तोंड उघडलं तोवर दुसरं नाव येऊन गेलं. तिसऱ्याला दोघं-तिघं बोलली, चौथ्याला कुणीच नाय. फादरनी मागं वळून बघितलं. पोरं खाली मान घालून चालत होती. मला त्यांचे हात दिसत होते, चिमटी धरलेली नि रिकामी. फादरही मंग गप्प झाले. नुसते पायांचे आवाज. ज्या बाईने सगळ्या गावाच्या पोरांना गायला लावलं ती मुक्याने चालली होती, तिच्याच शब्दांत सांगायचं तर मुक्याचं लगीन असल्यावाणी.

मी आयुष्यात कधी गायलो नाय गुरुजी. देवळात सुद्धा ओठ हलवायचो नुसते. माझा आवाज म्हंजे वंगण संपलेला आस. पण पंचवीस वर्षं बाजूला बसून वाल फोडलेत, तिची नावं, त्यांचा क्रम, तिचा दम, सगळं कानात बसलेलं, उठवायचं म्हटलं तरी उठणार नाय. पेटीच्या पुढल्या बाजूला माझा खांदा होता. मी नाव घेतलं. सूर लागला नाय, तो लागायचाच नव्हता. आणि मंग थांबलो, वाल उचलायला लागतो तेवढा. मागनं जबाब आला. सगळ्यांचा, एकदम. यमुनेचा सगळ्यांच्या वर.

मंग मी घेत गेलो. कोपऱ्यावरचा किराणावाला दुकानातनं बाहेर येऊन उभा राहिला, चाकाच्या कारखान्यातली माणसं हातातलं टाकून उभी राहिली. गुलाब म्हटला, मनोरा म्हटला, सोन्याचं घर म्हटलं, सगळं नीट चाललं. आणि मंग स्वर्गाचं दार आलं. ते माझ्या तोंडातनं निघेना. स्वर्गाचं, एवढं बोललो आणि घसा फुगला, दार फुगावं तसा, काय केल्या उघडेना. पोरं थांबली. मी मनात बोललो, आता परत मुकं. तेवढ्यात शेजारून फादरचा आवाज आला, स्वर्गाचं दार. आणि ते थांबले. थांबले हे महत्त्वाचं. मी बाजूला बघितलं, तर प्रार्थनेचं पुस्तक त्यांनी काखेत घातलं होतं आणि उजव्या हाताची दोन बोटं अशी चिमटीत दाबत होते. जबाब आला. तिथनं कबरस्तानापर्यंत त्यांनीच नावं घेतली, प्रत्येक नावामागं वाल उचलायला लागतो तेवढं थांबून.

माती झाल्यावर फादर माझ्याजवळ आले. मला वाटलं धीर देणार, मला धीर देणारे आवडत नाहीत. पण ते बोलले, पास्कूबा, ती चेष्टा करत नव्हती. मी बोललो, नाय फादर, ती चेष्टा करायची पण वालांची नाय. ते बोलले, ईस्टरच्या मंडळींना मी नको म्हणून कळवतो. ईस्टरला कोण गायलं ते तुमाला ठाऊकच हाय, तुमी दाराशी उभे होतात, ते तुमी मला विचारलंत म्हणून तर हे सगळं निघालं.

घरी आल्यावर टेकला बोलली, बा, उद्या सकाळच्या गाडीने आमच्याबरोबर उरणला चल, इथं एकटा काय करशील. जावईही चांगला, तोही बोलला. पोरीचं चुकलं नाय, तिच्या जागी मीही तेच बोललो असतो. मी बोललो, बघू सकाळी.

सकाळी मी उठलो, चूल पेटवली, पाणी कोमट केलं. मिस्साला गेलो, आलो. फडकं सोडलं. मोड आले होते, बारीक, पांढरे, तिच्या हातनं यायचे तेवढे लांब नाय पण आले होते. परात ओट्यावर मांडली. टेकलाची पिशवी दारात भरून ठेवलेली होती, तिने माझ्याकडे बघितलं, पिशवीकडे बघितलं, आणि आत जाऊन वाट्या घेऊन आली, ती लहानपणी जिच्यात सोलायची ती कानाची वाटीही त्यात होती. पोरं एकेक करून आली, कुणी बोलावलं नव्हतं, रविवार होता म्हणून आली. आजची पोरं, बारकी, काल जी मागनं जबाब देत होती ती. ओट्याखाली चपला काढून बसली. जराशाने फादर आले, पांढरा झगा वर धरून पायऱ्या चढले आणि बोलले, मला जागा हाय का. मी वाटी दिली. बोटं मऊ, पहिलाच वाल फुटला. मी बोललो, फादर, तुमचा अंगठा हाय का मोगरी. पोरं हसली. टेकला हसता हसता डोळे पुसत आत गेली, उरणची गाडी चुकली ती चुकली.

देव रजीनला तिकडं बरी ठेवो, आणि या पोरांच्या हातांना काम नि तोंडाला गाणं देवो, मला आणखी काय नको. मी पाण्यात हात घातला, ती घ्यायची ते पहिलं नाव घेतलं आणि थांबलो.